मोंढ्यातली जपानी जीन्स

१९०१ चा डिसेंबर. कुंडलिका ओलांडून तुम्ही जालन्याच्या कादराबादेत शिरता आणि पहिल्याच वळणावर लक्षात येतं, की आपल्या मांड्यांचा आवाज होतोय. चौदा औंसांचं, अजून एकदाही न धुतलेलं, कोजिमाच्या मागावरचं डेनिम चालताना एकमेकांवर घासून खरखरतं. या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या कपड्याला आवाज नाही. बायकांची लुगडी धुऊन धुऊन मऊ पडलीत, पुरुषांची धोतरं त्याहून विरलेली. कोरं कापड अंगावर घालून भर बाजारात फिरणारे तुम्ही एकटेच. इथं गरिबाला कोरं कापड मिळतं ते लग्नात, नाहीतर सरणावर.

अंगावरच्या मालाची उजळणी करून घ्या, कारण थोड्या वेळात त्याची झडती होणार आहे. खाली १९४७ सालच्या अमेरिकन जीन्सची जपानी प्रतिकृती: तांब्याची रिव्हेटं, कमरेला मागच्या बाजूनं कातडी पट्टी, सूत मुद्दाम जाडबारीक कातलेलं, पायाची घडी वर दुमडून काठावरचा लाल धागा दिसेल अशी. वर अमेरिकन रेल्वेकामगारांच्या धर्तीचा पट्टेदार कोट, त्याला चार खिसे, चारही रिकामे. पायात खाणकामगारांसारखे बूट. कस्टम धरून या सगळ्याचे किती झाले ते घरी कुणाला सांगितलेलं नाही. आणि यातली एकूणएक वस्तू मुळात मजुराची.

लोक तुमच्याकडे बघतात, पण फार वेळ नाही. नव्या रेल्वेचा फिटर असेल, असं धरून पुढं जातात. मनमाडहून येणारी मीटरगेजची लाईन सुरू होऊन जेमतेम वर्ष झालंय. त्याच्या आधीच्याच वर्षी दुष्काळानं मराठवाडा सोलून काढला. आता कापूस आलाय. मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय, बैल बसून रवंथ करताहेत, अडत्या आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवताहेत. पैसा चालतो तो हाली शिक्का. छावणीच्या बाजूनं बिगुल ऐकू येतं. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १८२७ पासूनची, आणि तिचे शेवटचे दिवस चाललेत. १९०३ मध्ये ती मोडणार आहे, हे बिगुल वाजवणाऱ्याला ठाऊक नाही.

धुराड्यांच्या दिशेनं चला. रेल्वे आल्याबरोबर एकट्या जालन्यात कापूस लोढण्याचे नऊ जिन आणि गाठी बांधायचे पाच प्रेस उभे राहिले. अख्ख्या औरंगाबाद जिल्ह्यात या कामावर १९०१ मध्ये १,०१६ माणसं होती. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात. स्वतःचा जिल्हा व्हायला त्याला १ मे १९८१ पर्यंत थांबायचंय.

जिनाच्या दारातून आत पाऊल टाकलं की आधी नाक बंद होतं. हवेत रुईचे तंतू इतके, की समोरचा माणूस चुन्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. बायका ओळीनं बसून यंत्राला कापूस भरवताहेत, खाली सरकी पडतेय, पलीकडं रुई उडतेय. प्रेसच्या खड्ड्यात दोन हमाल उतरून ती रुई पायांनी तुडवताहेत. त्यांच्या अंगावर लंगोटी आहे, डोक्याला फडकं आहे आणि कमरेला तंबाखूची चंची. बस्स.

त्यातला एक वर येतो, घाम पुसतो आणि तुमच्या कोटाकडं बोट करतो.

"पाव्हणं, येवढे खिशे कामून?"

हत्यारं ठेवायला, असं तुम्ही सांगता.

"मंग हत्यारं कुठंयत?"

याचं उत्तर तुमच्याजवळ नाही. जीन्सच्या उजव्या खिशावर आणखी एक छोटा खिसा आहे, साखळीच्या घड्याळासाठी; तो तुम्ही हातानं झाकता.

वर्कवेअरचा शौक ज्यांना आहे, आणि मलाही तो आहे, त्यांनी या खड्ड्याच्या काठावर थोडं थांबलं पाहिजे. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना रिव्हेटच्या पँटचं पेटंट २० मे १८७३ ला मिळालं. ती पँट खाणीतल्या माणसाची, पण विकत घेणाऱ्या माणसाची. त्याला मजुरी रोख मिळत होती, आणि कपडा फाटला तर दुकानदाराशी भांडायची सोय होती. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका लिलावात १८८० च्या दशकातली अशी एक लेव्हाइस ७६,००० डॉलरला गेली, लिलावाचं कमिशन धरून ८७,४००. पडीक खाणीत सापडलेली, मेणबत्तीच्या मेणाचे डाग तसेच. तिच्या आतल्या खिशावर एक ओळ छापलेली आहे, तिचा अर्थ असा, की हा माल फक्त गोऱ्या मजुरांच्या हातचा आहे. अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं तो हा काळ. प्रतिकृती करणारे टाके, रिव्हेटं, कातडं सगळं इमानदारीनं उतरवतात. ही ओळ कुणी उतरवल्याचं मी पाहिलेलं नाही. मजुराच्या कपड्याचं प्रेम असं निवडक असतं. आणि ज्या मजुराला कपडाच नव्हता, त्याची प्रतिकृती कशी करणार?

प्रेसमधून गाठ बाहेर पडते, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. तिच्याबरोबर जाऊ. मनमाडला मीटरगेजवरून मोठ्या गाडीत चढवाचढव, मग मुंबई. तिथल्या बाजारात वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या मुलखातला कापूस 'ऊमरा' या एकाच नावाखाली विकतात. उमरावती, म्हणजे अमरावती. जालन्याचं नाव गाठीवरून इथंच गळतं. बंदरात जपानी बोट लागलेली असते. जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ च्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईकडं निघाली; तोवर या मार्गावर युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी होती आणि भाडं त्यांच्या मर्जीचं. त्या बोटी परतताना कापूस नेत. जपानी गिरण्या आपला आखूड धाग्याचा स्वस्त ऊमरा अमेरिकन आणि चिनी कापसात मिसळून सूत काढायच्या, आणि ही मिसळ करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावर ७५ टक्के जकात बसवली, तेव्हा उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. पुढच्याच वर्षी दिल्लीत करार करून दोघांना मिटवावं लागलं, इतकी दोघांना एकमेकांची गरज. म्हणजे जपानी सुताशी आपली सोयरीक तुमच्या ऑनलाइन ऑर्डरपेक्षा बरीच जुनी आहे.

कोबेच्या धक्क्यावर रेंगाळू नका. आपलं खरं काम जालन्यातच आहे, निराळ्यांच्या घरी.

निराळी म्हणजे निळीचं काम करणारे रंगारी. वास आधी येतो: आंबलेला, चुन्याचा, गोठ्याच्या जवळपासचा. पडवीत रांजण गळ्यापर्यंत पुरलेत. आत चुन्याची निवळी, नीळ वडी घोटून, आणि तरोट्याचं बी शिजवून टाकलेलं. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याच्या कडेला माजतो तोच तरोटा. कुठं त्याला टाकळा म्हणतात. त्याच्यानं रांजण आंबतो आणि न विरघळणारी नीळ विरघळते. म्हातारा सुताची लड आत सोडतो, हळूहळू फिरवतो, पिळून वर काढतो. लड पिवळट हिरवी आहे. वारा लागतो तशी ती तुमच्या डोळ्यांदेखत निळी होत जाते. जपानात तोकुशिमाचे रंगारी पाल्याची नीळ आंबवून हेच करतात, आणि त्याचे व्हिडिओ तुम्ही रात्र रात्र पाहिले आहेत. इथं पाहायला कुणी थांबत नाही. पोरं अंगणात विटीदांडू खेळताहेत.

म्हातारा तुमच्या पँटकडं बघतो आणि न विचारता अंगठा मांडीवर घासतो. अंगठा निळा होतो.

"रंग कच्चा हाय," तो म्हणतो. "कुणी दिला? पैशे परत घ्या."

तुम्ही सांगायला बघता, की रंग उतरावा म्हणूनच ही घेतली. महिनोन्‌महिने घालून, न धुता, मांडीवर, गुडघ्यामागं, खिशातल्या पाकिटाच्या चौकोनात रंग कसा उतरतो, ते बघण्यासाठीच तर हा खटाटोप. म्हाताऱ्याला वाटतं, तुमची भाषा त्याला नीट कळत नाहीये. तो पायाच्या दुमडीतून एक दशी ओढतो, नखानं उकलतो आणि मुलाला हाक मारतो.

"हे बघ. आतून पांढरं. बुडवलं न् काढलं. निव्वळ फसवणूक."

त्याच्या बाजूनं बरोबर आहे. डेनिमचं ताण्याचं सूत दोरासारखं एकत्र वळून निळीत पुन्हा पुन्हा, पण थोडा थोडा वेळच बुडवतात. बाहेरून रंगाचे थर चढावेत, गाभा पांढरा राहावा, ही तिथली कारागिरी. वरचा थर झिजला की पांढरं डोकावतं, आणि त्यालाच आपण 'फेड' म्हणून गौरवतो. इथं सुताच्या गाभ्यात पांढरं राहिलं तर रंगाऱ्याची गावात नाचक्की. ज्या गुणासाठी तुम्ही पैसे मोजले, तो त्याच्या लेखी धंद्यातला खोटेपणा आहे. या दोघांत मी म्हाताऱ्याच्या बाजूचा. त्याचा रंग घालणारीच्या उपयोगाचा होता, तुमचा बघणाऱ्याच्या.

मुलगा मात्र बापाच्या नजरेआड तुम्हाला कोपऱ्यात नेतो. मुंबईहून नवी नीळ येते म्हणतात, कारखान्यातली, जर्मनांची. बीएएसएफ कंपनीनं ती बाजारात आणली १८९७ मध्ये. वड्या घोटायला नकोत, भाव पडता. खरं का? खरं आहे. तुमच्या अंगावर तीच आहे. बऱ्याचशा जपानी प्रतिकृतींमध्येही तीच असते. पण हे सांगितलं तर पुढच्या दहा-बारा वर्षांत काय होणार तेही सांगावं लागेल, म्हणून तुम्ही मान हलवून निघता.

आता ती लड कुठं जाते ते बघा. खरी गोष्ट तिथं आहे.

ती पुरुषाच्या अंगावर जात नाही. जालन्याच्या शिवारात पुरुषाचं कापड पांढरं: धोतर, बंडी, मुंडासं, मळून मातीच्या रंगाचं झालेलं, पण रंगवलेलं नाही. निळं सूत साळी, कोष्टी, मोमीन यांच्या मागावर चढतं आणि त्याचं लुगडं होतं. अमेरिकेत नीळ खाणकामगाराची, रेल्वेवाल्याची, गुराख्याची. तिच्याभोवती सगळा मर्दानी देखावा. तुमच्या शौकाच्या मंडळींत बायका किती आहेत, मोजून बघा. जालन्यात मळ न दिसणारं, उन्हापावसाला टिकणारं, निळीच्या सुताचं कामाचं कापड बाईच्या अंगावर होतं. आपल्याकडं डेनिमच्या जागी कोणतं वस्त्र ठेवायचं म्हणाल, तर काष्टा घातलेलं लुगडं.

अंबडच्या वाटेवर, काळ्या रानात, वेचणी चाललीय. ओळीतली ती तिसरी बाई बघा. पदर पोटाशी बांधून त्याची झोळी केलेली, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस उपसून त्यात टाकते. मजुरी म्हणून वेचलेल्या कापसातलाच वाटा मिळणार. लुगडं गेल्या वर्षीचं. झोळीच्या गाठीपाशी ते फिकं पडलंय, मांडीवर पऱ्हाटीच्या काटक्यांनी ओरखडलंय, काष्ट्याच्या घड्यांत अजून गडद आहे, गुडघ्यावर जवळजवळ पांढरं. तुम्ही पटकन ओळखता. हे तेच नकाशे, ज्यांची छायाचित्रं काढायला तुम्ही पँट टाइल्सवर पसरून खुर्चीवर चढता. फरक एवढाच, की तुम्ही फेड बिघडू नये म्हणून सहा महिने पँट धूत नाही आणि हिला रोज धुवावं लागतं, कारण दुसरं नाही. ओढ्याकाठी अर्धं नेसून अर्धं वाळवायचं, मग वाळलेलं नेसून उरलेलं.

इथून तिच्यामागं नाही, लुगड्यामागं चला. वर्षं भराभर सरकतील.

१९०४. मधोमध विरलंय. ती विरलेला पट्टा काढून टाकते आणि दोन्ही धड टोकं एकमेकांना शिवते. दंड घातला, की लुगड्याला नवा जन्म. लांबी कमी झाली, त्याला इलाज नाही. १९०७. दुसरा दंड बसत नाही. काठाचा धड भाग लेकीच्या परकराला, एक तुकडा चोळीच्या पाठीला, एक बाळाच्या झोळीला. १९१०. उरलेल्या निळ्याचे तुकडे नवऱ्याच्या धोतराच्या पांढऱ्याबरोबर थरावर थर रचून वाकळ होते. बारीक टाके, कडेनं सुरू करून आत आत. १९१८ च्या तापाच्या साथीत अख्खं घर एका वाकळेखाली कुडकुडतंय. पुढं वाकळ फाटली की वर आणखी एक थर. सर्वांत खालच्या थरात म्हाताऱ्याच्या रांजणातली नीळ आहे, आणि ती अजून निळी आहे. म्हाताऱ्यानं बोलल्यासारखं केलं होतं. वाकळ गेली की पोतेरं, मग चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं, मग काही नाही.

म्हणून कुठल्याही संग्रहालयात जालन्याच्या मजूर बाईचं लुगडं पाहायला मागू नका. ज्यांच्याकडं दुसरं होतं त्यांचं पहिलं शिल्लक राहिलं. राणीचा शालू टिकतो, पैठणी टिकते, कारण त्या कमी नेसल्या गेल्या.

फार मागं गेलात तरी हेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भोगवर्धनात, म्हणजे आजच्या भोकरदनला, केळनेच्या काठी क्षणभर उभे राहा. हे गाव इतकं जागतं, की सांची आणि भारहुतच्या दानलेखांत इथल्या माणसांची नावं आहेत. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत तगर, म्हणजे तेर, इथून भडोच बंदराकडं जाणाऱ्या मालात तलम कापडाच्या आधी चक्क पुष्कळसं साधं, जाडंभरडं कापड नोंदलंय. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती निघाली, थेट पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीच्या नात्यातली. दंत राहिला. जाडंभरडं कापड मातीत गेलं.

आता एक उडी जपानात. १९७३, कुराशिकी. कुराबो ही १८८८ सालची सूतगिरणी जपानी डेनिम बाजारात आणते, नाव केडी-८. शेजारचं कोजिमा तोवर शाळेचे गणवेश शिवत होतं; १९६५ पासून अमेरिकन कापड आणून तिथं जीन्सही शिवल्या जात होत्या. मग ओसाकात एकेक वेडं दुकान निघतं: १९७९ ला स्टुडिओ दार्तिझाँ, १९९१ ला एव्हिसू, १९९५ ला वेअरहाउस. ही माणसं अमेरिकेतून जुन्या पँटी गोळा करून टाका टाका उसवतात, सुताचा पीळ मोजतात, अरुंद पन्ह्याचे जुने धोट्याचे माग पुन्हा चालवतात. त्यांची चिकाटी मला मनापासून आवडते. पण त्यांना उसवायला काहीतरी होतं. आणि स्वतःच्या गरिबांची चिंधीही त्यांनी टाकली नाही. उत्तरेकडच्या आओमोरीत तानाका चुझाबुरो नावाच्या गृहस्थानं घरोघर हिंडून शेतकऱ्यांच्या ठिगळांवर ठिगळं लावलेल्या निळ्या गोधड्या, झगे जमवले. लोक ते दाखवायला लाजत होते. त्याला 'बोरो' म्हणतात, आणि आज त्यांपैकी कित्येकांना जपान सरकारचं संरक्षण आहे. तुमच्या कपाटात बोरोसारखं दिसणारं नवं जाकीट असेल, तर ते मुद्दाम ठिगळं लावून विकलेलं आहे.

जालन्यात आज प्रतिकृती करायची म्हटली तर साहित्य कुठं कुठं पडलंय, ते सांगतो. १९०१ चा देशी कापूस शिवारातून गेला. आता सगळीकडं अमेरिकन वाणांचे संकर, आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी वाणांची कंपनी, महिको, १९६४ पासून याच जालन्यातली. पण परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसावरचं काम सोडलेलं नाही. पीए २५५, म्हणजे परभणी तुराब, हा त्यांचाच देशी वाण, धाग्यालाही लांब. हातकताईचं सूत आणि खादी नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होते. तरोटा तर पावसाळ्यात तुमच्या गाडीच्या चाकाखाली येतो. नमुना तेवढा नाही: पन्हा किती होता, इंचात ताण्याचे धागे किती, काठ कसा धरला होता, निळ्यात तांबडं कुठं मिसळलं होतं.

नमुना आहे, तो वाकळेत शिवलेला आहे. दसऱ्याच्या आधी गोधड्या धुवायला काढाल, तेव्हा घरातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत जड, कुणी न पांघरणारी वाकळ बाजूला ठेवा. एक कोपरा उसवून बघा. आत निळं दिसलं तर पट्टी लावून पन्हा मोजा, भिंगाखाली धागे मोजा, दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्या, घरात जी सर्वांत म्हातारी असेल तिला विचारून ते लुगडं कुणाचं होतं ते लिहून ठेवा. मग त्याच छिद्रांतून परत शिवा. आणि कुणी पुण्या-मुंबईहून येऊन जाकीट शिवण्यासाठी ती मागितली, कितीही पैसे देऊ केले, तरी कापायला देऊ नका.